छापील किमतीच्या वरचे पैसे कोणाला मिळतात?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. त्याने सांगितलं की २०१८ साली तिकडे एक नवीन छोटं पिस्तूल निघालं आणि कित्येक महिने ते कुठल्याच दुकानात सहज मिळेना. ज्याच्याकडे होतं तो कंपनीच्या किमतीपेक्षा खूप जास्त पैसे मागायचा. हे ऐकून मला स्कूटरचे दिवस आठवले. आमचे वडील गिरणीत होते. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले. चाळीतले दुसरे एक गृहस्थ मात्र ऑन, म्हणजे ठरल्या किमतीच्या वरचे पैसे, देऊन आठवड्याभरात स्कूटर घरी घेऊन आले. गिऱ्हाईक जास्त द्यायला तयार आहे हे कंपनीला दिसत असतं, मग ती स्वतःच किंमत का वाढवत नाही? दुकानदाराला असं करू कसं देतात? आणि आपल्याकडे परवाना असलेल्या माणसाला पिस्तूल घेताना हाच अनुभव येतो का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमचा भाचा बहुधा सिग सावर कंपनीच्या पी-३६५ या पिस्तुलाबद्दल बोलत असावा. जानेवारी २०१८ मध्ये ते जाहीर झालं. वजन साधारण अर्धा किलो, लांबी पंधरा सेंटिमीटरच्याही आत, आणि तरी मॅगझिनमध्ये नऊ मिलिमीटरची दहा काडतुसं. तोवर एवढ्या लहान पिस्तुलात सहा ते आठ काडतुसं मावत. अंगावर पिस्तूल बाळगणारे लोक तिकडे लाखोंनी आहेत, त्यामुळे सगळे एकदमच दुकानात धावले. कारखान्याचं मात्र तसं नसतं. नळी, वरची स्लाइड, मॅगझिन यांतला प्रत्येक भाग वेगळ्या यंत्रावर होतो, आणि नवी यंत्रं बसवून माणसं तयार करण्यात महिने जातात. एकेका दुकानदाराच्या वाट्याला सुरुवातीला मोजकेच नग येत.

दुकानदाराला हे करू कसं देतात, याचं उत्तर सोपं आहे. तिकडे कंपनी जी किंमत छापते ती निव्वळ सुचवलेली असते, आपल्या एमआरपीसारखी तिला कायद्याची सक्ती नसते. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरच्या किमतीपेक्षा रुपया जास्त घेतला तर तो कायद्याचा भंग होतो. अमेरिकेत दुकानदार सुचवलेल्या किमतीच्या खालीही विकू शकतो आणि वरही. एरवी बहुतेक पिस्तुलं त्या किमतीच्या खालीच विकली जातात, कारण शेजारचं दुकान पाच-दहा टक्के सोडायला बसलेलंच असतं. म्हणून टंचाई आली की सर्वांत आधी सूट बंद होते. मग पिस्तुलाबरोबर म्यान आणि जादा मॅगझिनं घेतलीच पाहिजेत असा आग्रह सुरू होतो, आणि उघड जादा किंमत त्याच्याही नंतर येते. आपल्याकडे खपणाऱ्या मोटारीला महिनोन्‌महिने वेटिंग असतं तेव्हा विमा आमच्याकडूनच काढा, सीट कव्हर इथूनच घ्या, असं शोरूममध्ये ऐकावं लागतं, तो हाच प्रकार.

कंपनी किंमत का वाढवत नाही, हा तुमचा प्रश्न मला यातला सर्वांत चांगला वाटतो. कंपनीला तेच पिस्तूल दहा-पंधरा वर्षं विकायचं असतं. आज किंमत चढवली आणि वर्षभराने कारखाना वेगात आल्यावर उतरवली, तर पहिल्या गिऱ्हाइकाला आपण लुबाडले गेलो असं वाटतं, आणि तोच माणूस पुढे चारचौघांत त्या कंपनीबद्दल बोलत असतो. शिवाय चढ्या किमतीत प्रतिस्पर्ध्याला शिरायला वाव मिळतो. दुकानदाराचं तसं नाही. हातातले चार नग आज विकायचे, उद्या दुसऱ्या कंपनीचे विकायचे. दोघांचा हिशोब वेगवेगळ्या मुदतीचा, म्हणून मधला फरक दुकानदाराच्या गल्ल्यात राहतो. काही दुकानदार तो घेतही नाहीत. नेहमीच्या गिऱ्हाइकांची यादी करून क्रमाने देतात. मला हे दुकानदार जास्त शहाणे वाटतात, कारण मालाचा सुकाळ झाल्यावर लोक त्यांच्याचकडे परत येतात.

त्या पिस्तुलावर पहिल्याच महिन्यात जादा पैसे मोजणाऱ्यांना आणखी एक भुर्दंड पडला. सुरुवातीच्या काही नगांत फायरिंग पिन तुटल्याच्या आणि ट्रिगरची स्प्रिंग जागेवर परत न आल्याच्या तक्रारी आल्या, कंपनीला ते भाग सुधारावे लागले. थांबलेल्यांना सुधारलेला माल मिळाला, तोही कमी पैशांत. सप्टेंबर २०१९ मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीने अकरा काडतुसांचं हेलकॅट आणलं, २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसनने शील्ड प्लस आणलं, आणि त्या आकाराच्या पिस्तुलासाठी छापील किमतीच्या वर पैसे देण्याचं कारण उरलं नाही. मध्ये २०२०ची महामारी आली, तेव्हा मात्र तिकडे सगळ्याच बंदुकांचा आणि काडतुसांचा तुटवडा झाला. त्या एका वर्षात खरेदीदारांच्या पार्श्वभूमी-तपासण्या चार कोटींच्या जवळ गेल्या. तो तुटवडाही ओसरला.

आता तुमच्या वडिलांची स्कूटर. वरवर दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात, पण टेक्सासमधली टंचाई यंत्रं कमी पडल्यामुळे आलेली होती आणि आपली कागदावरच ठरवलेली होती.

बजाज कंपनी साठच्या दशकात इटलीच्या पियाजिओशी करार करून वेस्पा बनवत होती. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून आकुर्डीतून चेतक बाहेर पडू लागली. मागणी अफाट होती. पण कारखान्याने वर्षाला किती स्कूटर बनवायच्या हे १९५१च्या उद्योग कायद्याखालचा परवाना ठरवत असे, आणि १९६९च्या एमआरटीपी या मक्तेदारीविरोधी कायद्याने मोठ्या घराण्यांच्या विस्तारावर आणखी एक कडी घातली. यंत्रं आणायची तयारी होती, कामगार दारात उभे होते, गिऱ्हाईक पैसे घेऊन रांगेत होतं, आणि तरी ठरलेल्या आकड्याच्या वर स्कूटर बनवणं हा गुन्हा होता. विक्रीवरही १९६० पासून नियंत्रण आदेश होता. पोस्टाच्या बचत खात्यात अनामत ठेवायची, डीलरकडे नाव नोंदवायचं आणि क्रमांकाची वाट पाहायची. चेतकसाठी ही वाट दहा वर्षांपर्यंत गेली. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वेगळा कोटा होता. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला रांगेबाहेर स्कूटर मिळे, म्हणून आखातात किंवा जहाजावर असलेल्या नातेवाइकाचा भाव घरात एकदम वाढे. मुलाचं लग्न ठरण्याच्या आधीपासून लोक नंबर लावून ठेवत, आणि तो नंबर हुंड्याच्या बोलणीत निघे.

शोरूममधून बाहेर काढलेली स्कूटर दुसऱ्याच दिवशी नव्यापेक्षा जास्त किमतीला जात असे. ठरावीक मुदतीच्या आत विकायला बंदी होती, म्हणून नाव पहिल्याचं राही आणि गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राही. तुमच्या चाळीतल्या गृहस्थांनी ऑन दिला तो बहुधा अशाच कुणाला तरी दिला असणार, ज्याचा नंबर लागला होता आणि ज्याला स्कूटरपेक्षा रोख रकमेची गरज होती, किंवा ज्याने विकण्यासाठीच दोन-चार नावांवर नंबर लावून ठेवले होते.

या पैशाचा माग काढला की राग येतो. तो आकुर्डीच्या कारखान्याला मिळाला नाही. मिळाला असता तर त्यातून शेजारी दुसरी शेड उभी राहिली असती आणि तीनशे-चारशे माणसं कामाला लागली असती. सरकारच्या तिजोरीतही तो गेला नाही, कारण त्याची पावतीच नसे. तो दलालाला आणि वशिल्याची चिठ्ठी आणू शकणाऱ्याला मिळाला. तुमच्या वडिलांसारखा माणूस, ज्याने नियमाप्रमाणे पैसे भरले आणि ओळख लावली नाही, त्याने पहाटेच्या पाळीला बसने किंवा पायी जाऊन या सगळ्या कारभाराची किंमत आपल्या वेळेने मोजली. ही गोष्ट आजही पुरेशी लिहिली गेलेली नाही.

मोटारींचं याहून वेगळं नव्हतं. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमती कायद्याने बांधल्या, त्याविरुद्ध कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. किमतीचा हिशोब तिथे मांडला गेला, पण रस्त्यावरचा ऑन त्यामुळे थांबला नाही, कारण किंमत किती हा वाद होता आणि माल किती हा खरा प्रश्न होता. छापे घालूनही तो थांबला नाही. थांबला तो ऐंशीच्या दशकात नव्या कारखान्यांना परवाने मिळू लागल्यावर. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, पुढच्या वर्षी बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचा परवानाच गेला. त्यानंतर काही वर्षांतच शोरूमवाला गिऱ्हाइकाला हप्त्यांची सोय समजावून सांगू लागला.

तुम्ही लालबागचे आहात, तेव्हा पागडीचं उदाहरण तुम्हाला मी सांगायला नको. तरी एक गोष्ट नोंदवतो. १९४७च्या कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला गोठवली. हेतू भाडेकरूला वाचवण्याचा होता आणि गिरणगाव त्यामुळे टिकला, हे मी मनापासून मानतो. पण खोलीची खरी किंमत आणि महिन्याचं भाडं यांत दरी पडली, ती पागडीने, म्हणजे खोली घेताना वेगळ्या दिलेल्या एकरकमी पैशाने, भरली. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती रक्कम घेणं अखेर कायदेशीर केलं. तोवर पन्नास वर्षं गिरगाव, परळ, लालबागमध्ये खोल्यांचे व्यवहार पावतीशिवाय, विश्वासावर होत राहिले.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. भाच्याचं ते पिस्तूल तुम्हाला मुंबईत परवाना असूनही घेता येणार नाही. नऊ मिलिमीटर हे आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) आहे, सामान्य नागरिकाला ते मिळत नाही. नागरिकांसाठी पॉइंट ३२ असतं. परवाना १९५९च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस आयुक्त देतात आणि गरज काय, हे त्यांना पटावं लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.

इथेही छापील किंमत आणि रांग होती. सामान्य माणसासाठी परदेशी पिस्तुलांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. मग उरले आयुधनिर्माणी कारखान्यांचे देशी नग आणि आयात बंद होण्याआधी आलेली जुनी परदेशी पिस्तुलं. देशी नगाची किंमत कारखाना ठरवतो. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून निर्भीक हे अर्ध्या किलोचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर काढलं, त्याची किंमत १,२२,३६० रुपये जाहीर झाली होती. जुन्या परदेशी पिस्तुलाची किंमत मात्र कोणी छापत नाही. ती विकणारा आणि घेणारा ठरवतात आणि सहज काही लाखांत जाते. ज्या वॉल्थर किंवा वेब्ली बनावटीच्या पिस्तुलाला युरोपात जुनं म्हणून कमी भाव येईल, त्यालाच इथे नव्या देशी पिस्तुलाच्या कितीतरी पट पैसे पडतात, कारण देशात जेवढे नग आहेत त्यात एकानेही भर पडत नाही. ही टंचाई टेक्सासच्या टंचाईसारखी आपोआप ओसरणारी नाही.

देशी मालाचं चित्र बदलत आहे. वेब्ली अँड स्कॉटने २०२० मध्ये भारतीय भागीदाराबरोबर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडिला इथे पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर बनवायला सुरुवात केली. आयुधनिर्माणी मंडळ ऑक्टोबर २०२१ मध्ये मोडून त्याच्या कंपन्या झाल्या आणि त्यांतल्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रबल हे सुमारे सातशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर आणलं. गिऱ्हाइकाला निवड मिळू लागली की देशी नगावर जादा पैसे मागणं अवघड होईल.

तरीही स्कूटरबद्दल जे म्हटलं ते मी पिस्तुलाबद्दल म्हणणार नाही. स्कूटरची टंचाई हा अन्याय होता, तिच्यामुळे लोकांचं आयुष्य अडलं. दहा बाय बाराच्या खोलीत, पोरंबाळं झोपलेली असताना भरलेलं पिस्तूल कपाटात असणं हे ज्यांनी कायदा केला त्यांना नको होतं, आणि मलाही नको आहे. परवान्याची अट सैल करून किंमत खाली आणावी असं मला वाटत नाही.

पण परवाना हातात असेल आणि जुनं परदेशी पिस्तूलच घ्यायचं असेल, तर दोन गोष्टी सांभाळा. पूर्ण रकमेची पावती घ्या. निम्मे पैसे वेगळे द्या असं कोणी म्हटलं तर तिथेच उठा. आणि खासगी व्यवहारात विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं, तसं कळवल्यापासून पंचेचाळीस दिवस पिस्तूल हातात घ्यायचं नाही. हे दिवस कमी करून देतो असं सांगून कोणी पैसे मागितले तर ते देऊ नका. ती मुदत कायद्याच्या पाचव्या कलमात आहे, पैसे भरून ती कमी होत नाही.