फीडची वर्गणी आणि भूगोलाचा एक पाठ

वर्तमानपत्राची वर्गणी एकदा भरली की अंक रोज दारी येतो. तो निघाला की नाही हे पाहण्यास छापखान्यात जावे लागत नाही. संकेतस्थळांच्या बाबतीत हीच सोय ‘फीड’ने होते. संकेतस्थळावर नवी नोंद झाली की तिचा मथळा, वेळ व थोडक्यात सारांश एका ठरावीक रचनेच्या यादीत आपोआप दाखल होतो. या यादीचा पत्ता मोबाइलवरील ‘फीड रीडर’ ॲपला एकदा दिला, म्हणजे ते ॲप यादीवर लक्ष ठेवते व नव्या नोंदी आपल्यापुढे क्रमाने मांडते. ‘आरएसएस’ नावाची ही रचना १९९९ साली निघाली. ‘ॲटम’ ही दुसरी रचना २००५ साली प्रमाणित झाली. या वर्गणीस सहसा पैसे पडत नाहीत.

शोधाशोधीचे श्रम वाचतात, हा तिचा लहानसा लाभ होय. मोठा लाभ असा की, काय वाचावयाचे हे शिक्षक स्वतः ठरवितो. व्हॉट्सॲपच्या गटात येणारा मजकूर कोणीतरी पुढे ढकललेला असतो. तो मूळचा कोणाचा व केव्हाचा, हे उमगत नाही. फीडमधील नोंद मात्र आपण निवडलेल्या ठिकाणाहूनच, आपली वेळ बरोबर घेऊन येते.

हा भेद मला एका हिवाळ्यात नीट कळला. माझी शाळा कोयनेच्या खोऱ्यात आहे. ‘आज रात्री मोठा भूकंप होणार’ असा संदेश एका संध्याकाळी गावभर फिरला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात या भागात सुमारे १८० माणसे दगावली होती. तेव्हा वडीलधाऱ्यांनी भ्यावे यात नवल नव्हते. कित्येक कुटुंबांनी थंडीत अंगणात रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सातवीचा अर्धा वर्ग रिकामा होता, आणि आलेल्या मुलांचे डोळे तांबारलेले होते.

त्या दिवशी मी नेमलेला पाठ बाजूस ठेवला. ‘यूएसजीएस’ ही अमेरिकन सरकारची भूवैज्ञानिक संस्था जगातील भूकंपांची फीड देते. तिच्यातील ४.५ व त्याहून अधिक तीव्रतेच्या, गेल्या चोवीस तासांतील भूकंपांची यादी मी मोबाइलवर उघडली. चौदा नोंदी होत्या. मी ठिकाण, तीव्रता व खोली वाचून दाखवीत गेलो आणि मुले जगाच्या नकाशावर कुंकवाचे ठिपके देत गेली. जपान, इंडोनेशिया, चिली असे करता करता पॅसिफिक महासागराच्या काठाने ठिपक्यांची माळ उमटू लागली. एका दिवसात पृथ्वी इतक्या वेळा हादरते हे मुलांस ठाऊक नव्हते. यांतील एकाही भूकंपाची आगाऊ वर्दी कोणास नव्हती. मोठ्या भूकंपाचे नेमके भाकीत आजवर कोणाही शास्त्रज्ञास साधलेले नाही, असे हीच संस्था सांगते. मग कालचा संदेश लिहिणाऱ्यास ते कसे कळले, हा प्रश्न मला विचारावा लागला नाही. मुलांनीच तो विचारला.

या फीडमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात ५ तास ३० मिनिटे मिळविली की भारतीय वेळ येते. गणिताच्या तासाला याहून चांगली उदाहरणे मिळणे कठीण! त्याच संस्थेच्या जुन्या नोंदींत कोयनेच्या भूकंपाची तारीख १० डिसेंबर दिसते. ‘हे चूक आहे, आजोबा अकरा सांगतात,’ असे एक मुलगी ठामपणे म्हणाली. आमच्याकडील पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे म्हणजे तेथील आदल्या रात्रीचे २२ वाजून ५१ मिनिटे, हे तिनेच फळ्यावर वजाबाकी करून दाखविले. आजोबा व नोंद दोन्ही बरोबर ठरले.

पुढच्या आठवड्यात मात्र माझीच परीक्षा झाली. घरोघरी भांडी खडखडली, पण यादीत कोयनेचे नाव नाही. ‘गुरुजी, मग ते खोटे सांगतात का?’ कारण साधे होते. आमची यादी ४.५ च्या पुढची. शिवाय अमेरिकेबाहेरचे लहान धक्के ती संस्था सरसकट नोंदवीत नाही. भारतातील धक्क्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे पाहावे लागते. यादीत नाही म्हणजे घडले नाही असे नव्हे, हे त्या दिवशी मुलांबरोबर मीही शिकलो.

ज्या शिक्षकबंधुभगिनींना हा प्रयोग करावयाचा आहे त्यांनी दोन-तीनच फीड घ्याव्यात. वीस घेतल्यास एकही वाचून होत नाही. मराठी विकिपीडियावरील लेखाच्या ‘इतिहासा’चीही फीड मिळते. आपल्या गावावरील लेखात कोणी काय बदलले हे तिच्यावरून मुलांस तपासता येते. वर्गण्यांची यादी ॲपमधून उतरवून जपून ठेवावी, कारण वाचनाची साधने बंद पडतात. गुगल रीडर हे लोकप्रिय साधन २०१३ साली बंद झाले. आमच्याकडे सकाळी रेंज नसते, म्हणून मी आदल्या रात्री नोंदी वहीत उतरवून घेतो आणि प्रार्थनेनंतर दोन मुले त्या फळ्यावर लिहितात.