गोष्टीतलं भूत आणि गावातली बाई

सख्यांनो, या अंकातल्या पाठात हप्ता नाही, व्याज नाही. या वेळी विषय भुताखेतांचा आहे. हसायला हरकत नाही, पण पाठ शेवटपर्यंत वाचा आणि पुढच्या बैठकीत दशसूत्री झाली की अर्धा तास यासाठी ठेवा.

आपल्या भागातली भुतं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. पिंपळावर मुंजा, विहिरीत आसरा, ओढ्याच्या काठी हडळ आणि रात्री रानातून येताना लागणारा चकवा. या सगळ्याच गोष्टी टाकून द्याव्यात असं माझं म्हणणं नाही. पोहता न येणारं लेकरू आसराच्या भीतीनं विहिरीपासून लांब राहत असेल, तर त्या गोष्टीनं काम केलंच की.

चकव्याचं तर मला फार नवल वाटतं. माणूस रात्रभर चालतो आणि फिरून त्याच बांधावर येतो, असं जुनी माणसं सांगतात. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हेच तपासून पाहिलं. काही जणांना जंगलात आणि काहींना सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि त्यांच्या वाटेची जीपीएसनं नोंद ठेवली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं, चंद्र मावळला, की ती गोल फिरू लागली. स्वतःचीच वाट ओलांडून गेली तरी त्यांना कळलं नाही. म्हणजे आपल्या आजोबांना आलेला अनुभव खरा होता, त्यात भूत तेवढं नव्हतं. चकवा लागला की आहे तिथंच बसून उजाडायची वाट बघ, हा म्हाताऱ्यांचा सल्लाही शहाणपणाचाच आहे.

इथपर्यंत ठीक. पण काही गोष्टी नुसत्या ऐकून सोडून देण्यासारख्या नसतात.

“ती विहीर बळी मागते,” असं आपण सहज बोलून जातो. एखादी सून विहिरीत सापडते आणि चार दिवसांत बोलणं सुरू होतं की तिला आसरांनी ओढलं, अमावस्या होती, ती एकटी पाण्याला गेली होती. एकदा ही गोष्ट गावभर झाली की घरात काय चाललं होतं, हे विचारायला कोणी उरत नाही. माहेरचेसुद्धा गप्प बसतात. लक्षात ठेवा, लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई अशी गेली तर शवविच्छेदन आणि चौकशी कायद्यानं करावीच लागते. आसरांचं नाव घेऊन ती टाळता येत नाही. हडळ म्हणजे कोण, तेही आठवून बघा. बाळंतपणात गेलेली बाई. जिवंतपणी तिला वेळेवर दवाखान्यात नेलं का, हे विचारायचं सोडून मेल्यावर आपण तिलाच भ्यायचं.

आता भानामतीबद्दल. मराठवाड्यात आणि सीमेपलीकडं बिदर, कलबुर्गीकडं हे नाव घराघरात माहीत आहे. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेट घेतात, अन्नात घाण सापडते, अंगावर काळ्या फुल्या उठतात. काही गावांत बायका एकीचं बघून दुसरी अशा कुत्र्यासारख्या भुंकू लागतात. मुंजाच्या गोष्टीत आणि यात एक मोठा फरक आहे. मुंजा पिंपळावर राहतो, त्याला कोणी मारायला जात नाही. भानामती मात्र “कोणीतरी केलेली” असते. मग ते कोणीतरी शोधलं जातं आणि बोट जातं ते बहुतेक वेळा एकट्या बाईकडं. ती विधवा असते, नाहीतर मूलबाळ नसलेली, भावकीशी जमिनीचा वाद चालू असलेली. पुष्कळदा त्या बोटामागं खरं कारण जमिनीचंच असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक प्रकरणं घरात बसून उलगडली आहेत. फुल्यांचं घ्या. बिब्ब्याचा चीक कातडीला लागला की ती भाजते आणि काळा डाग उठतो. परीट कपड्यांवर खूण करायला हाच बिब्बा वापरायचे. पण कोणता डाग कशानं पडला, एवढ्यावर हे कार्यकर्ते थांबत नाहीत. ते घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं, शांतपणे बोलतात. बऱ्याचदा करणारं माणूस घरातलंच निघतं. कधी लग्नाला नकार देता न येणारी मुलगी, कधी सासरी कोंडमारा झालेली सून, कधी शाळेचा धसका घेतलेलं लेकरू. त्यांचं नाव बाहेर सांगायचं नाही, हा समितीचा नियम आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण नाव फुटलं तर तिला मारच बसणार. भुंकणाऱ्या बायकांचंही तसंच आहे. त्या नाटक करत नसतात. मनात दाबलेलं असं बाहेर पडतं आणि त्यावर उपचार होतो. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

समिती स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी ते कितीतरी वर्षं झटत होते, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादीनं करणी केली, तिच्यामुळं जनावराचं दूध आटलं, रोगराई आली, असं सांगून तिचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हाही गुन्हा. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसणं हासुद्धा. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. “हा कायदा देवाच्या विरोधात आहे” असं कोणी म्हणालं तर सांगा की वारी, भजन, कीर्तन, हरिपाठ, प्रदक्षिणा यांना त्यानं हात लावलेला नाही. आई तुळजाभवानीच्या दर्शनाला आपण जातो तसंच जायचं.

भुताच्या गोष्टी आता मोबाईलवरही फिरतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात “पोरं पळवणारी टोळी” म्हणून पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, त्यातले बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. गावात टोळी आलीच नव्हती. आला होता तो फक्त मेसेज.

बैठकीत सीआरपी ताईंनी चर्चा सुरू करून द्यावी. आपल्या गावात कोणत्या विहिरीचं, कोणत्या घराचं नाव घेतलं जातं? ते नाव पडायच्या आधी तिथं काय घडलं होतं? ज्या बाईच्या घरचं पाणी कोणी पीत नाही, ती आपल्या एखाद्या गटात आहे का? नसेल तर तिला कोणी विचारलं होतं का? तिच्यावर कोणी उघड आळ घेतला तर तिला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नका. ग्रामसंघाच्या चार-पाच जणींनी बरोबर जायचं, तक्रार लेखी द्यायची आणि पोहोच घ्यायची. हा गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळं पोलिसांना तो नोंदवावाच लागतो. मारहाण चालू असेल तर अर्जाची वाट न बघता ११२ लावा. महिला हेल्पलाईनचा नंबर १८१ आहे. हे तिन्ही नंबर गटाच्या इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.