टेकुमेलच्या सोंगट्या : स्वस्त पर्यायांचा एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

खेळातल्या सोंगट्या हा विषय वार्षिकांकातील अभ्यासलेखाला शोभेल काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. परंतु एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवून काम भागवायचे, तर मूळ वस्तूत महत्त्वाचे काय आणि सोडून देण्याजोगे काय, हे आधी ठरवावे लागते. आणि हा निर्णय अभ्यासाशिवाय होत नाही. वसतिगृहातील आम्ही पाच जण गेली दोन वर्षे एक खेळ खेळत आहोत. त्याच्या आयत्या सोंगट्या आम्हांला परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून पर्याय शोधले. त्या शोधात जे हाती लागले ते प्रस्तुत लेखात मांडतो.

खेळाचे स्वरूप

प्रथम ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे विवेचन. या भूमिका-खेळात एक जण सूत्रधार असतो आणि बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, पात्रे काय करणार ते सांगतात, आणि जेथे यशापयशाचा प्रश्न येतो तेथे फासे टाकले जातात. यात कोणी जिंकत नाही वा हरत नाही. कथा तेवढी पुढे जाते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. त्याचे मूळ मात्र खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईत आहे. सुप्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा लढायांच्या नियमांचे ‘लिट्ल वॉर्स’ नावाचे पुस्तकच लिहिले होते. त्या परंपरेतून सुमारे एक इंच, म्हणजे २५ ते २८ मिलिमीटर उंचीच्या सोंगट्या या खेळात आल्या. दाराआड कोण उभे आहे, पुलावर आधी कोण चढले, या गोष्टी तोंडी सांगून पाच जणांच्या मनात सारखे चित्र उमटत नाही. पटावर सोंगट्या मांडल्या की वाद मिटतो.

पर्यायी सोंगट्यांची प्रथाही या खेळाइतकीच जुनी आहे. गायगॅक्सला राक्षस हवे होते आणि बाजारात ते मिळत नव्हते. त्याने स्वस्त दुकानातून हाँगकाँगच्या बनावटीच्या प्लास्टिक प्राण्यांची पाकिटे आणली. ते प्राणी कशाचे आहेत हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा त्यांना नावे व गुण देण्यात आले. स्पर्श होताच लोखंड गंजवून टाकणारा प्राणी आणि घुबडाच्या तोंडाचे अस्वल, ही या खेळातील दोन प्रसिद्ध पात्रे अशी खेळण्यांच्या पाकिटातून जन्माला आली. तेथे आधी वस्तू आली आणि मग अर्थ. आमची अडचण नेमकी उलटी होती. आमच्याकडे अर्थ तयार होता आणि वस्तू नव्हती.

टेकुमेल

आम्ही निवडलेले कल्पित जग म्हणजे टेकुमेल. ते निर्माण करणारे एम. ए. आर. बार्कर (१९२९–२०१२) हे भाषाशास्त्रज्ञ होते. अमेरिकेतील क्लॅमथ या आदिवासी भाषेचे व्याकरण व कोश त्यांनी सिद्ध केला, उर्दू व बलुची भाषांची पाठ्यपुस्तके तयार केली, १९५१ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते भारतात आले होते, आणि १९७२ नंतर मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे अध्यापन करीत होते. बालपणापासून मनात घोळवलेले हे जग ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’, म्हणजे पाकळ्यांच्या सिंहासनाचे साम्राज्य, या नावाने १९७५ साली खेळाच्या रूपात प्रसिद्ध झाले.

या जगाचे वैशिष्ट्य असे की, युरोपीय मध्ययुगाचा त्यात मागमूसही नाही. दूरच्या भविष्यकाळात माणसे एका परक्या ग्रहावर वस्ती करतात; पुढे एका विश्वव्यापी उत्पातात तो ग्रह उरलेल्या सृष्टीपासून तुटतो. आकाशात तारे उरत नाहीत, यंत्रविद्या लोप पावते, आणि हजारो वर्षांनंतर तेथे कुळे, मंदिरे व नोकरशाही यांनी बांधलेली साम्राज्ये उभी राहतात. त्यांवर प्राचीन भारत, इजिप्त आणि मेक्सिकोतील माया व अ‍ॅझ्टेक संस्कृती यांची छाया आहे. घोडा नाही. लोखंड अतिशय दुर्मिळ. च्लेन नावाच्या सहा पायांच्या मंदगती जनावराची कातडी सोलून, रसायनांत भिजवून कडक करतात आणि तिचीच चिलखते व शस्त्रे घडवतात.

अडचण कोठे आली हे आता ध्यानात येईल. दुकानात या खेळाच्या म्हणून ज्या सोंगट्या मिळतात त्यांत घोडेस्वार सरदार, पोलादी चिलखते, दाढीवाले बुटके आणि टोकदार कानांचे धनुर्धर असतात. टेकुमेलला त्यांतले काहीच चालत नाही. खास टेकुमेलसाठीच्या धातूच्या सोंगट्या परदेशातील लहान उत्पादकांनी वेळोवेळी काढल्या. पण टपालखर्च व जकात धरून अशा एकेका सोंगटीच्या किमतीत आमच्या खाणावळीतली दोन-तीन ताटे येतात. बाजारातल्या गर्दीचा प्रसंग रंगवायचा तर तीस सोंगट्या लागतात. हिशेब वाचकांनीच करावा.

बुद्धिबळातला घोडा आणि आमची सोंगटी

भाषाविज्ञानाच्या तासाला सोस्यूरचे बुद्धिबळाचे उदाहरण आपण सर्वांनी ऐकले आहे. पटावरचा घोडा हरवला, तर त्याच्या जागी कोणतीही वस्तू ठेवावी. खेळणाऱ्यांनी तिला घोड्याचे मूल्य दिले की ती घोडाच होते. या न्यायाने शर्टाची बटणे मांडून टेकुमेल खेळता यायला हवे. आम्ही तसे खेळून पाहिले आणि फरक ध्यानात आला. बुद्धिबळात घोड्याने काय करायचे ते नियमाने पूर्ण ठरलेले असते, म्हणून दिसण्याला किंमत नसते. भूमिका-खेळात पात्राने काय करायचे ते ठरलेले नसते. ते खेळणाऱ्याला समोरचे दृश्य पाहून सुचावे लागते. समोर करड्या झग्यातला पुरोहित दिसला तर त्याच्याशी बोलावेसे वाटते. बटणाशी कोणी बोलत नाही. बटणावर फासे टाकून लोक मोकळे होतात. पात्रांचा संवाद आटला की हा खेळ केवळ हाणामारीचा उरतो. तेव्हा सोंगटीला थोडे तरी सोंग वठवता आले पाहिजे.

पण किती? हूबेहूब प्रतिकृती आम्हांला परवडणार नव्हती. यासाठी आम्ही तीन कसोट्या ठरवल्या. पहिली, हातभर अंतरावरून दिसणारी बाह्याकृती, दुसरी, रंग, तिसरी, त्या जगाच्या नियमाला बाधणारी वस्तू अंगावर नसणे. चेहरा, बोटे, वस्त्रावरची नक्षी यांचा विचार सोडून दिला. हातभरावरून ती दिसतच नाही.

काही पर्याय

माणसांसाठी सर्वांत सोयीचे ठरले ते १/७२ प्रमाणातील मऊ प्लास्टिकचे शिपाई. १७० सेंटिमीटरचा माणूस या प्रमाणात साडेतेवीस मिलिमीटरचा होतो, म्हणजे आमच्या पटाला तो चालतो. इजिप्शियन व अ‍ॅझ्टेक योद्ध्यांच्या खोक्यांत चाळीसच्या आसपास आकृती असतात. खोके परदेशीच, पण पाच जणांत वाटून घेतले की एका सोंगटीचा खर्च चहाच्या कपावर येतो. आखूड वस्त्र, उघडे अंग आणि ढाल, एवढे तयार मिळते. शिरस्त्राणावरचे उंच तुरे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे कापावेत किंवा एम-सीलचे वळावेत. मऊ प्लास्टिकवर रंग टिकत नाही. म्हणून आकृती साबणाने धुऊन, फेविकॉलचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर रंगवावी. तळाला लोखंडी वॉशर चिकटवला की सोंगटी पडत नाही.

रंग हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका पर्याय होय. टेकुमेलच्या मुख्य साम्राज्यात, म्हणजे त्सोल्यानूमध्ये, दहा मोठे देव आणि त्यांचे दहा सहकारी देव आहेत, आणि मंदिरामंदिराचे रंग वेगळे आहेत. थूमिस या विद्येच्या देवाचा रंग करडा, हनाल्लाचा पांढरा, द्लामेलिश या देवीचा पाचूसारखा हिरवा. एकाच साच्यातील तीन आकृती या तीन रंगांत रंगवल्या की तीन पंथ उभे राहतात. मात्र शस्त्राला रुपेरी रंग देऊ नये. रुपेरी म्हणजे पोलाद, आणि पोलादी तलवार त्या जगात राजाच्या खजिन्यात शोभावी इतकी मोलाची. एका रुपेरी फटकाऱ्याने साधा पहारेकरी कुबेर होऊन बसतो. तिसरी कसोटी म्हणतात ती ही.

मानवेतर जमातींसाठी आपले जत्रेतले खेळणेवाले फार उपयोगी. पे चोई ही सहा हातापायांची कीटकासारखी जमात. त्यांचे नर काळे कुळकुळीत आणि माद्या पांढऱ्या असतात. प्लास्टिकचा नाकतोडा गरम पाण्यात मऊ करून त्याचा पुढचा भाग उभा वाकवावा आणि तसाच थंड पाण्यात धरावा; आकार कायम राहतो. अहोग्या ही पिंपासारख्या धडाची, चार हात व चार पायांची जमात. तिच्यासाठी अख्खी सुपारी घेऊन, गिरमिटाने भोके पाडून आठ तारा बसवल्या. च्लेनसाठी प्लास्टिकच्या दोन डायनोसॉरांचा बळी द्यावा लागतो. एकाचे दोन पाय कापून दुसऱ्याच्या पोटाशी जोडावे लागतात. स्सू हे त्या ग्रहाचे मूळ रहिवासी. माणसांनी त्यांची भूमी बळकावली म्हणून ते माणसांचे हाडवैरी. त्यांची करडी कातडी चिंध्यांसारखी लोंबते. तारेच्या सांगाड्यावर औषधी पट्टीचे धागे गुंडाळून ते बनवले. मूळ वर्णनात त्यांच्या अंगाला कुबट दालचिनीचा वास येतो असे आहे. त्यांच्या डबीत आम्ही दालचिनीचा तुकडा टाकून ठेवला आहे. डबी उघडली की पट मांडण्याआधीच सगळे सावध होतात.

दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रे आपल्याकडे घरोघरी असतात. ती तीन-चार इंची असल्याने माणूस म्हणून चालत नाहीत. आमच्या सोंगट्यांच्या तिप्पट-चौपट भरतात. परंतु टेकुमेलच्या मंदिरांत भव्य मूर्ती असतात, आणि तेथे हाच आकार नेमका बसतो. सण सरल्यावर उरलेले पहारेकरी स्वस्तात मिळाले. पगडीवर एम-सीलचा मुकुट चढवला आणि सर्वांगाला दगडी रंग दिला. भातुकलीतली पितळी घंगाळी त्यांच्यापुढे होमकुंडे म्हणून ठेवली. राहिली बाजारातली गर्दी; ती लग्नपत्रिकेच्या दुमडलेल्या कागदावर चित्रे काढून उभी केली. गर्दीकडून बोलण्याची अपेक्षा नसते, म्हणून तिला कागद पुरतो.

एक अवघड प्रश्न

या अभ्यासाला आणखी एक बाजू आहे आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९१ साली अमेरिकेत ‘सर्पंट्स वॉक’ ही नाझी विचारांचा पुरस्कार करणारी कादंबरी टोपणनावाने निघाली होती. ती बार्कर यांनीच लिहिली होती, असे त्यांच्या साहित्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने २०२२ साली जाहीरपणे मान्य केले. आमच्या गटात हे कळले तेव्हा खेळ महिनाभर बंद होता. इतक्या भाषांचा व्यासंग असलेल्या माणसाने असे लिहावे, याचा उलगडा आम्हांला झाला नाही. आमच्यातील एका मैत्रिणीने खेळ सोडला. तिचे म्हणणे असे की, सोंगटी बदलता येते, कर्ता बदलता येत नाही. ते म्हणणे खोडून काढणे मला जमलेले नाही.

उरलेल्या चौघांनी खेळ चालू ठेवला, पण डोळे उघडे ठेवून. स्सूंची भूमी माणसांनी बळकावली, ही गोष्ट मूळ ग्रंथात पार्श्वभूमी म्हणून येते. आमच्या खेळात आता ती मुख्य कथा झाली आहे, आणि स्सूंची बाजू घेऊन बोलणारे एक पात्र पटावर नेहमी असते. ही वाट मुद्दाम ठरवून घेतली. त्या चिंध्यांच्या आकृती हाताने गुंडाळताना त्यांची हकीकत पुन्हापुन्हा वाचावी लागली नसती, तर ती सुचली असती असे मला वाटत नाही.

समारोप

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. आयती सोंगटी विकत घेणाऱ्याला ग्रंथ न वाचताही खेळता येते, कारण वाचण्याचे काम मूर्तिकाराने केलेले असते. पर्याय शोधणाऱ्याला ते स्वतः करावे लागते : घोडा का नाही, लोखंड का नाही, करडा झगा कोणाचा, ही भूमी आधी कोणाची होती. पैशाच्या टंचाईने आम्हांला ते करायला लावले. ज्या विद्यार्थीमित्रांना असे एखादे जग मांडून पाहायचे असेल, त्यांनी खर्चाला भिऊ नये. मूळ ग्रंथ दोनदा वाचावा, तीन कसोट्या कागदावर लिहून काढाव्यात आणि मग जुन्या बाजारात जावे. काय उचलायचे ते तेथे आपोआप दिसू लागते. आमच्या गटात सध्या एक जागा रिकामी आहे.