झबलं वर करून पाहा

दिवाळी उलटली की सातपुड्यातल्या आमच्या पाड्यांवर पहाटेची थंडी हाडात शिरते. कुडाच्या भिंतींचं एकच खोलीचं घर, मध्ये चूल आणि तिच्याभोवती आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे. एकाला सर्दी झाली की आठवड्यात ती घरभर फिरते. सर्दी विषाणूंमुळे होते. थंडी आपल्याला दार लावून, दाटीवाटीने बसवते आणि विषाणूंचं फावतं.

घराघरांत एक गोष्ट मी नेहमी पाहते. आई पदराने बाळाचं नाक पुसते आणि मग त्याच पदराने ताटली. नाकासाठी वेगळं फडकं ठेवा, रोज धुऊन उन्हात वाळवा. नाक पुसल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवा. पाणी लांबून आणावं लागतं, हे मला माहीत आहे; पण तांब्याने धार धरली तर अर्धा तांब्याही पुरतो. आईला सर्दी असेल तर तिने तोंडाला फडकं बांधावं, पण अंगावरचं दूध तोडू नये.

धुराचं मात्र लोक मनावर घेत नाहीत. चुलीच्या धुराने बाळाची छाती कमजोर होते, न्यूमोनियाचा धोका वाढतो. झोळी चुलीपासून लांब बांधा, स्वयंपाक होईस्तोवर दार उघडं ठेवा. “ताई, पोराला थंडी नाही का लागणार?” असं एका आजींनी विचारलं. टोपडं घाला, गोधडीत गुंडाळा, म्हटलं. पण धूर बाहेर जाऊ द्या.

आता माझी चूक सांगते. आठ महिन्यांची एक मुलगी, नाक वाहत होतं, खोकत होती. घाईत होते. “साधी सर्दी आहे,” म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाप तिला खांद्यावर घेऊन आला. झबलं वर केलं तर छाती भात्यासारखी चालली होती, श्वास घेताना फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती. मिनिटाला 62 श्वास. ऑक्सिजन आणि औषधं वेळेवर मिळाली म्हणून ती वाचली.

तेव्हापासून मी आधी झबलं वर करते. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पूर्ण एक मिनिट पोट-छातीची हालचाल मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त श्वास भरले तर त्याच दिवशी दवाखाना. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, गुंगीत असेल, ओठ निळे पडले असतील तर मोजत बसू नका, 108 ला फोन करा.

हे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1988 पासून गावातल्याच माणसांना हे शिकवलं. मोजता न येणाऱ्यांसाठी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं : दहा श्वासांना एक मणी सरकवायचा.

ती मुलगी आता तीन वर्षांची आहे. परवा तिची आई शेजारणीच्या बाळाजवळ बसलेली दिसली. माझा मोबाईल मागून घेतला, मिनिट लावलं आणि म्हणाली, “बोलू नका ताई, मोजतेय.”