मुळाचा शोध आणि मतभेदाची कसोटी

पवित्र शास्त्र आपण स्वभाषेत वाचतो, ह्याचे आपणांस आता नवल वाटत नाही. परंतु ज्या काळी ते युरोपातील सामान्य लोकांच्या हाती येऊ लागले, त्या काळाचा इतिहास वाचताना आनंद व खेद ही दोन्ही मनात उभी राहतात.

प्रथम आनंदाची गोष्ट घेऊ. पंधराव्या शतकात इटलीतील विद्वानांनी प्राचीन ग्रीक व लॅटिन ग्रंथांचा अभ्यास नव्या उत्साहाने चालविला. त्याच शतकाच्या मध्यास जर्मनीत गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांनी छापण्याची कला सिद्ध केली. पुढे इरास्मस ह्या पंडिताने संपादिलेला ग्रीक नवा करार १५१६ साली बासल नगरात छापून निघाला. मुळाकडे जाऊन पाहावे, ही विद्वानांची सवय येणेप्रमाणे धर्मविचारात शिरली. ग्रीकवरून लूथरने केलेला जर्मन नवा करार १५२२ साली प्रसिद्ध झाला.

आता खेदाची गोष्ट. सर्वांनी शास्त्र वाचावे असे म्हटले, म्हणजे सर्वांचे मत एकच होईल असे नाही. मग ज्याचे मत निराळे ठरेल, त्याचे काय करावे? रोमन धर्मसत्तेने पुष्कळांस चितेवर चढविले होते. सुधारकांनी तरी निराळे उत्तर दिले काय?

मायकेल सर्व्हेटस हा स्पेन देशाचा वैद्य. रक्त हृदयातून फुप्फुसांत जाऊन परत येते, हे त्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. परंतु त्याच ग्रंथात त्याने त्रैक्याचे मत व बालकांचा बाप्तिस्मा ही नाकारली. फ्रान्सात त्याच्यावर पाखंडाचा खटला झाला. तेथून निसटून तो जिनीव्हात आला, तो तेथेही धरला गेला. त्याच्यावरील आरोप सिद्ध करण्यात कॅल्विनने पुढाकार घेतला. देहान्त शिक्षा कॅल्विनास मान्य होती. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, एवढेच त्याने सुचविले. नगरसभेने तेही मानले नाही. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी सर्व्हेटसला जिवंत जाळण्यात आले.

ह्याविरुद्ध बासलमधून एक आवाज उठला. सेबॅस्टियन कॅस्टेलिओ हा शेतकरी कुळात जन्मलेला विद्वान पूर्वी जिनीव्हाच्या शाळेचा मुख्य होता. कॅल्विनशी मतभेद झाल्यावर तो बासलला गेला. तेथे तो छापखान्यात मुद्रिते तपाशी, आणि घरातील चूल पेटावी म्हणून ऱ्हाईन नदीच्या पुरात वाहून येणारी लाकडे आकड्याने ओढून काढी. १५५४ साली त्याने टोपणनावाने एक ग्रंथ काढला. त्यात पाखंड्यांस छळू नये असे सांगणारी जुन्यानव्या लेखकांची वचने होती. लूथरची होती, इरास्मसची होती, आणि खुद्द कॅल्विनचीही होती. मनुष्य मारल्याने मत खोटे ठरत नाही, हे त्याच्या म्हणण्याचे सार. पुढे १५५५ साली त्याने साध्या, अशिक्षित लोकांसाठी सोप्या फ्रेंच भाषेत पवित्र शास्त्र उतरविले. तो १५६३ साली वारला. कॅल्विनला उत्तर म्हणून लिहिलेला त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर ४९ वर्षांनी, १६१२ साली, छापला गेला.

दरम्यान फ्रान्स देश १५६२ पासून १५९८ पर्यंत धर्मयुद्धांत होरपळला. जिनीव्हात जेथे सर्व्हेटसला जाळले, तेथे १९०३ साली कॅल्विनच्याच अनुयायांनी एक शिला उभारली. तिच्यावर कॅल्विनविषयी आदर आहे, आणि त्या कृत्याचा धिक्कारही आहे.

ह्यावरून आम्हांस असे दिसते की, विद्येने ग्रंथ शुद्ध होतो, परंतु तेवढ्याने अंतःकरण शुद्ध होत नाही. छळ सोसलेला मनुष्य सत्ता हाती येताच छळ करणार नाही, अशी खातरी नाही. आपल्या पूर्वजांचे ऋण मानावे, आणि त्यांचा अपराधही झाकू नये. ह्यात त्यांचा अनादर नाही.

विचारासाठी प्रश्न

१. मूळ ग्रंथाच्या अभ्यासापासून मतभेद का उत्पन्न झाले?
२. कॅस्टेलिओने कॅल्विनचीच वचने का पुढे केली असावीत?
३. आपल्या मंडळीत निराळ्या मताच्या बंधूशी आपण कसे वागतो?