गव्हावाचून आहार

सीलिअॅक रोगात गहू, जव व राय यांतील ग्लूटेन नामक प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तरास इजा पोहोचते. अन्नरसाचे शोषण मंदावते व मुलांची वाढ खुंटते. गव्हाचा हा संबंध डच वैद्य विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. ग्लूटेन जन्मभर वर्ज्य करणे हाच उपाय होय.

म्हैसूरच्या रोग्यास नाचणीच्या पिठाचे शिजविलेले गोळे व तांदूळ-उडदाची इडली हे पथ्याचे अन्न घरीच लाभते. परंतु रवा इडली गव्हाची असते. सांबारातील हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गव्हामागून त्याच गिरणीत दळलेली नाचणीही निर्धोक राहत नाही. म्हणून हे पथ्य एकट्याने निभत नाही. अशा कुटुंबांनी मिळून नाचणीचे दळण वेगळ्या जात्यावर करून घ्यावे. शेजाऱ्यांनी व शिक्षकांनी मुलास खाऊ देण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांस विचारावे.