नोटरी झाली, घटस्फोट झाला का?

प्रश्न : माझा भाचा आणि त्याची बायको दीड वर्षापासून वेगळे राहतात. कोर्टकचेरी नको म्हणून दोघांनी स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी केली. सहा वर्षांची मुलगी आईकडे राहील आणि आई तिच्यासाठी खर्च मागणार नाही, असंही त्यात आहे. आता घरचे भाच्यासाठी स्थळं बघताहेत. मिटलं ना सगळं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : भांडण मिटलं, लग्न मात्र शाबूत आहे. स्थळं बघणं आधी थांबवा.

नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की सह्या याच माणसांच्या आहेत. लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. काही समाजांत रूढीने चालत आलेली काडीमोड कायदा मानतो, पण तशी रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. एरवी हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट देतं ते न्यायालयच.

मग कोर्टाबाहेर बसून काय उपयोग? पुष्कळ. याच कायद्यात 1976 साली परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम 13-ब आलं. किमान वर्षभर वेगळं राहिलेल्या जोडप्याने एकत्र अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहून संमती कायम असल्याचं सांगायचं. दोष कुणाचा, हे सिद्ध करावं लागत नाही. वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी-ताब्याचं खरोखर ठरलं असेल, तर ती सहा महिन्यांची थांबही माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं. म्हणजे बाहेर जितकं नीट ठरेल, तितके कोर्टातले हेलपाटे कमी.

हे ठरवायला मध्यस्थ मिळतो. मध्यस्थ म्हणजे न्यायाधीश, असा अनेकांचा समज असतो. तो निकाल देत नाही, दोघांना बोलतं करतो. तिथलं बोलणं गोपनीय असतं, पुढे कोर्टात पुरावा म्हणून काढता येत नाही. त्यामुळे माणसं मोकळी होतात. अमेरिकेत मिनियापोलिसचे वकील स्टू वेब यांनी 1990 मध्ये याहून मजेशीर युक्ती काढली : बोलणी फिसकटली, तर दोन्ही वकिलांनी खटला सोडायचा! भांडण चालू ठेवण्यात वकिलाचा फायदाच उरला नाही.

आता मुलीचं. इथे तुमच्या भाच्याचा कागद सर्वांत कच्चा आहे. आई स्वतःपुरतं काही सोडू शकेल, पण मुलीचा खर्च मागण्याचा हक्क मुलीचा आहे, तो आईबापांना परस्पर सोडता येत नाही. ताब्याच्या बाबतीतही न्यायालय आधी मुलीचं हित पाहतं, सह्या नंतर. शिवाय ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो, परिस्थिती बदलली तर तो बदलून घेता येतो. म्हणून ‘ताबा कुणाला’ एवढ्यावर थांबू नका. शनिवार-रविवार, दिवाळी-मे महिन्याची सुट्टी, शाळेची फी, आजारपणाचा खर्च, आजीआजोबांची भेट, सगळं लिहा. नंतरची बरीच भांडणं ‘दिवाळीत कुणाकडे’ याचीच असतात.

दोघांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. दावा दाखल करण्याआधीही तिथे मध्यस्थी मिळू शकते. तिथे ठरलेल्या अटी संमतीच्या अर्जाला जोडाव्यात. आणि हुकूमनामा हातात पडेपर्यंत भाच्याला बोहल्यावर चढवू नका : पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.